मादक द्रव्यांचा कायदा आणि घरातील रुग्ण

आश्विन-कार्तिकाच्या सुमारास जालना जिल्ह्यात फिरणाऱ्या माणसाला कपाशीच्या पट्ट्यांमधून तुरीचे तास डोक्याएवढे उंच वाढलेले दिसतात. बांधावरून जाणाऱ्याची दृष्टी त्या गर्द हिरवळीतून आरपार जात नाही. त्याच आडोशाचा लाभ घेऊन मधल्या मोकळ्या जागेत गांजाची झाडे लावली जातात, आणि अशी लागवड पकडली गेल्याची वार्ता मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून अधूनमधून वृत्तपत्रांत येते. वाचणारा क्षणभर आश्चर्य करतो आणि पान उलटतो. शेत दूर कोठे तरी असते. शहरातील सुशिक्षित कुटुंबाला त्याचा आपल्याशी काही संबंध आहे असे वाटत नाही.

परंतु हाच प्रश्न आणखी दोन ठिकाणी उभा आहे. एक औषधाचे दुकान. तेथे खोकल्याचे औषध आणि झोपेच्या गोळ्या आजारासाठी न मागता नशेसाठी मागितल्या जातात. दुसरे ठिकाण म्हणजे घर. शिकणारा मुलगा एकाएकी अबोल होतो, पैशांचा हिशेब लागत नाही, आणि एके दिवशी त्याच्या पुस्तकांच्या मागे एखादी पुडी सापडते. त्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांना दोनच मार्ग दिसतात: झाकून ठेवावे, किंवा पोलिसांच्या भयाने मुलाला गावाबाहेर नातलगांकडे पाठवावे. कायद्याने तिसरा मार्ग मोकळा ठेवला आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. शेत, दुकान आणि घर या तिन्ही ठिकाणी सरकारचे धोरण एकच नाही. ते कोठे कठोर आहे, कोठे सावध आहे आणि कोठे सौम्य आहे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आजचे धोरण समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९४८ सालापर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि त्या राज्याच्या उत्पन्नात आबकारीचा वाटा मोठा होता. शेजारच्या इंग्रजी मुलखातही रीत निराळी नव्हती. अफू आणि गांजा या वस्तू ठेकेदारामार्फत परवान्याने विकल्या जात आणि त्यांवर कर बसे. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने देशभर हिंडून हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. मर्यादित सेवनाने फारशी हानी होत नाही, सरसकट बंदी घालू नये, कर आणि परवाना यांच्या द्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ सरकारी धोरणाचा पाया हाच राहिला. सरकार स्वतःच नशेच्या पदार्थांवर उत्पन्न मिळवीत होते, ही गोष्ट आजच्या वाचकाने विसरता कामा नये. कारण दारूच्या बाबतीत ती अद्यापही पुष्कळ अंशी खरी आहे.

पालट झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६१ साली मादक द्रव्यांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यावर भारताने सही केली, परंतु गांजासारख्या देशात रूढ असलेल्या पदार्थांचा औषधेतर वापर बंद करण्यास पंचवीस वर्षांची मुदत मागून घेतली. ती मुदत सरत आली असतानाच १९८५ साली ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ संमत झाला. जालना जिल्हा त्या वेळी अवघा चार वर्षांचा होता. १ मे १९८१ रोजी तो औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला आणि परभणीकडील परतूर त्याला जोडले गेले. त्याच सुमारास मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर म्हणजे अशुद्ध हेरॉइन झपाट्याने पसरत होते. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यामागे हीच निकड होती. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य त्या कार्याला आरंभीच लाभले.

१९८५ चा कायदा आरंभी फार कडक होता. गांजा वगळता बहुतेक द्रव्यांच्या बाबतीत, स्वतःच्या सेवनापुरता अल्प साठा नसेल, तर निदान दहा वर्षांची सक्तमजुरी ठरलेली होती. पोते बाळगणारा आणि मूठभर बाळगणारा यांच्यात पुरेसा भेद नव्हता. २००१ साली ही उणीव दूर करण्यात आली आणि शिक्षा द्रव्याच्या वजनाशी जोडली गेली. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प आणि वीस किलोपासून पुढचे व्यापारी मानले जाते. हेरॉइनच्या बाबतीत हेच आकडे पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम असे आहेत. गांजा अल्प प्रमाणात आढळल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणात दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणात दहा ते वीस वर्षे आणि एक ते दोन लाख दंड, अशी ही चढण आहे. व्यापारी प्रमाणाच्या खटल्यात जामीन मिळणेही अत्यंत दुष्कर असते.

आता शेताकडे वळू. लागवडीच्या गुन्ह्याला वजनाची ही पायरी लागू नाही. झाडे थोडी असोत वा पुष्कळ, शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड अशी होऊ शकते, आणि उभे पीक जप्त करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. जमीन धारण करणाऱ्याने आपल्या जमिनीत अशी बेकायदा लागवड असल्यास ताबडतोब कळविले पाहिजे, आणि सरपंच, पंच व गावचे अधिकारी यांच्यावरही तेच कर्तव्य आहे. जाणूनबुजून हे टाळणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. कोरडवाहू जमीन, पावसाचा लहरीपणा आणि कर्ज यांनी गांजलेल्या शेतकऱ्याला कोणी बियाणे आणून देतो व झाडाला चांगल्या पैशांची आशा दाखवितो, तेव्हा धोका कोणाचा हे त्याला सांगितले जात नाही. पीक शेतकऱ्याच्या बांधाआत सापडते. माल घेणारा दूर राहतो. या व्यवहारात सर्वांत थोडा नफा आणि सर्वांत मोठी शिक्षा त्याच्याच वाट्याला येण्याचा संभव असतो. म्हणून या ठिकाणी कायद्याची माहिती गावोगाव पोहोचविणे हे छाप्याइतकेच मोलाचे काम होय.

औषधाच्या दुकानातील प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तेथील वस्तू मुळात उपकारक आहे. कोडीन खोकल्यावर उपयोगी पडते, अल्प्राझोलम मनाची अतिशय अस्वस्थता शमविते, ट्रामाडोल वेदना कमी करते. यांवर सरसकट बंदी घातल्यास खऱ्या रुग्णाचे हाल होतील. यास्तव सरकारने येथे नोंदीचा मार्ग स्वीकारला. २०१४ सालापासून अशी अनेक औषधे ‘एच-१’ या अनुसूचीत आली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. विकताना डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळी नोंद ठेवावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. ट्रामाडोल २०१८ साली मादक द्रव्यांच्या कायद्याखालीही आणण्यात आले. ही व्यवस्था यशस्वी होणे मात्र बहुतांशी ग्राहकावर अवलंबून आहे. जुन्या चिठ्ठीवर वर्षभर झोपेच्या गोळ्या आणविणारे घर आणि चिठ्ठीवाचून त्या देणारा दुकानदार हे दोघे मिळून ती वही निरर्थक करून टाकतात. आजोबांच्या उशाशी पडलेली गोळ्यांची पाकिटे नातवाच्या हाती लागतात, हे अनेक घरांना फार उशिरा उमगते.

सर्वांत महत्त्वाचे ठिकाण घर हेच होय. येथे कायद्याचे स्वरूप बरेच निराळे आहे, परंतु त्याची माहिती सर्वांत कमी आहे. मादक द्रव्याचे सेवन हा गुन्हा आहे हे खरे. कोकेन, मॉर्फीन, हेरॉइन यांच्या सेवनासाठी एक वर्षापर्यंत आणि इतर द्रव्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. तथापि त्याच अधिनियमात दोन तरतुदी रुग्णासाठी केलेल्या आहेत. चौसष्ट-अ या कलमानुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेने सरकारी अथवा सरकारमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेईल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. दुसरी तरतूद एकोणचाळिसाव्या कलमात आहे. अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला तत्काळ शिक्षा न देता, त्याच्या संमतीने, हमीपत्रावर उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. उपचाराचा अहवाल समाधानकारक असल्यास ताकीद देऊन, पुढे व्यसनापासून दूर राहण्याच्या हमीवर त्याला मोकळे करता येते.

या तरतुदींची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्याजवळ अल्प प्रमाणाहून अधिक द्रव्य सापडले, त्याला यांचा आधार नाही. व्यसनाचा खर्च भागविण्यासाठी मित्रांना पुड्या पुरविणारा तरुण मनाने स्वतःला रुग्णच समजतो. परंतु पिशवीतील वजन वाढले की कायदा त्याला व्यापाऱ्याच्या पंक्तीत बसवितो. यावरून एकच गोष्ट निष्पन्न होते: जे घर लवकर पाऊल उचलते त्याच्यासाठी मार्ग मोकळा असतो, आणि जे घर लाजेखातर वर्ष-दोन वर्षे वाट पाहते त्याच्यासाठी तो अरुंद होत जातो.

अशी वाट किती घरे पाहतात याची कल्पना एका पाहणीवरून येते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बेकायदा द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांपैकी रुग्णालयात राहून उपचार घेतलेला वीसांत एक आढळला. दारूच्या आहारी गेलेल्यांत तर कोणत्याही प्रकारचा उपचार मिळालेला अडतीसांत एकच होता. देशात दारू घेणारे सुमारे सोळा कोटी, तर गांजा-भांग वगैरे घेणारे सुमारे तीन कोटी, हेही त्याच पाहणीतून दिसले. मुलाच्या पुडीने हादरणाऱ्या घरातील कपाटात बाटली असेल, तर त्या घराच्या उपदेशाला वजन कसे येणार, हा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा.

उपचाराविषयीही काही भ्रम दूर झाले पाहिजेत. शरीरातील विषाचा अंमल उतरण्यास एक-दोन आठवडे लागतात. मनाची ओढ मात्र महिनोन्‌महिने टिकते. म्हणून पंधरा दिवसांनी घरी आलेला मुलगा पुन्हा घसरला, तर तो नालायक ठरत नाही. मधुमेहाप्रमाणे हाही पुनःपुन्हा उलटणारा रोग आहे, एवढाच त्याचा अर्थ. दमदाटी, कोंडून ठेवणे, साखळीने बांधणे हे उपाय केवळ निष्फळच नव्हेत, तर बेकायदाही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने दारू व मादक द्रव्यांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला आणि रुग्णाला साखळीने जखडण्यास मनाई केली. यास्तव कोणत्याही खासगी केंद्रात रुग्ण ठेवण्यापूर्वी त्या केंद्राची नोंदणी आहे काय, तेथे मनोविकारतज्ज्ञ येतात काय आणि नातलगांना भेटू देतात काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

१५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत सुरू झालेले नशामुक्त भारत अभियान पुढे देशातील सर्व जिल्ह्यांत नेण्यात आले. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. मादक द्रव्यांच्या चोरट्या व्यापाराची खबर देण्यासाठी २०२४ पासून १९३३ हा क्रमांक आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी हे क्रमांक आजच लिहून ठेवावेत. पुडी सापडेल त्या दिवशी मुलावर हात उगारू नये. त्याला निजू द्यावे, जेवू घालावे आणि दुसऱ्या दिवशी सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात डॉक्टरांकडे घेऊन जावे. तेथील प्रत्येक चिठ्ठी आणि कागद नीट जपून ठेवावा, कारण उद्या प्रसंग पडल्यास उपचार स्वेच्छेने घेतल्याचा तोच पुरावा ठरतो. त्या मुलाबरोबर रुग्णालयाच्या बाकावर बसताना शेजारी ओळखीचे कोणी भेटेल ही भीती प्रत्येक बापाला वाटते. ती भीती खरी आहे. परंतु न्यायालयाच्या बाकावर त्याच माणसाची गाठ पडण्यापेक्षा ती पुष्कळच सुसह्य आहे.