औषध सापडलं, पण सांभाळायचं कुणी?

मी बालरोग विभागात उमेदवारी करत होतो, तेव्हाची गोष्ट. पाच महिन्यांचं एक बाळ वॉर्डात दाखल झालं. तोंडात पांढरे चट्टे, न थांबणारे जुलाब, छाती भरलेली. अँटिबायोटिक्स बदलून पाहिली, उतार पडेना. बाळाच्या आजीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘डॉक्टरसाहेब, याच्या आधीची दोन्ही अशीच गेली.’’ मी ते ऐकलं, पण केसपेपरवर लिहिलं नाही. चौथ्या दिवशी बाळ गेलं. दाखल्यावर आम्ही कारण लिहिलं, न्यूमोनिया. खरं कारण आजीच्या त्या एका वाक्यात होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगलं.

आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. काही बाळं मात्र ही फौज न घेताच जन्माला येतात. या आजाराला वैद्यकात ‘स्किड’ म्हणतात. तो आईवडिलांकडून आलेल्या जनुकांतल्या दोषामुळे होतो. त्याचा एक प्रकार ‘एडीए’ नावाच्या एन्झाइमच्या अभावामुळे होतो. हे एन्झाइम नसलं की पेशींमधला विषारी कचरा साठत जातो आणि लढणाऱ्या पेशीच मरतात. भावा-बहिणीचा जुळणारा बोन मॅरो मिळाला, तर बाळ वाचू शकतं. तो न मिळाल्यास काय करायचं, हा प्रश्न होता.

त्याचं उत्तर इटलीत शोधलं गेलं, आणि त्यासाठी लागलेल्या पैशाची कथा ऐकण्यासारखी आहे. १९९० मध्ये तिथं ‘टेलिथॉन’ ही संस्था सुरू झाली. दूरचित्रवाणीवर दीर्घ कार्यक्रम करायचा, लोकांकडून देणग्या घ्यायच्या आणि त्या आनुवंशिक आजारांच्या संशोधनाला द्यायच्या, ही तिची पद्धत. मिलानच्या सान राफाएले रुग्णालयात १९९२ मध्ये एडीएच्या रुग्णांवर जनुकोपचाराचे पहिले प्रयत्न झाले. पुढे रुग्णालय आणि टेलिथॉन यांनी मिळून जनुकोपचाराची स्वतंत्र संस्थाच उभारली. उपचाराची कल्पना सांगायला सोपी आहे. बाळाच्याच बोन मॅरोमधल्या मूळ पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात निरोगी जनुक पोचवायचं आणि त्या पेशी परत बाळाच्या शरीरात सोडायच्या. बाळ स्वतःच स्वतःचा दाता होतं.

या उपचाराला युरोपात मान्यता मिळाली ती मे २०१६ मध्ये. म्हणजे पहिल्या प्रयत्नानंतर चोवीस वर्षांनी! तुम्ही विचाराल, इतका वेळ कशाला? प्रयोग यशस्वी झाला की शोधनिबंध छापून येतो. पण शोधनिबंध म्हणजे औषध नव्हे. प्रत्येक वेळी पेशी तितक्याच शुद्ध तयार होतात का, हे सिद्ध करावं लागतं. कारखान्याच्या दर्जाची प्रयोगशाळा लागते. उपचार घेतलेल्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. ही काळजी उगाच नाही. या उपचारानंतर एका रुग्णाला रक्ताचा कर्करोग झाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. प्रयोगशाळेपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा हा रस्ता फार खर्चाचा आहे. तिथं संशोधनाचं अनुदान संपलेलं असतं आणि उद्योगाचा पैसा आलेला नसतो.

इथं मात्र उद्योग आला. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीनं हे औषध ‘स्ट्रिमव्हेलिस’ या नावानं बाजारात आणलं. किंमत ५ लाख ९४ हजार युरो, म्हणजे तेव्हाच्या दरानं सुमारे साडेचार कोटी रुपये. पण युरोपभरात असं बाळ जन्मतं ते वर्षाला अंदाजे पंधरा. शिवाय तयार झालेल्या पेशी सहा तासांत द्याव्या लागत, त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला मिलानलाच जावं लागे. २०१८ मध्ये कंपनीनं हे औषध ‘ऑर्चर्ड’ या दुसऱ्या कंपनीकडे सोपवलं. २०२२ मध्ये तिनंही यात पैसा घालणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. औषध गुणकारी होतं, पण गिऱ्हाईक थोडं होतं. यात कंपनीला दोष देऊन भागत नाही. नफा हा ज्याचा पाया, त्याला वर्षाला पंधरा बाळांचा हिशेब जुळवता येत नाही.

मग २०२३ मध्ये हे औषध टेलिथॉननं स्वतःकडे घेतलं. लोकवर्गणीवर चालणारी संस्था औषधाची जबाबदारी उचलती झाली. विस्कॉट-ऑल्ड्रिच या अशाच जन्मजात विकारावरचा तिचा जनुकोपचारही याच दोन कंपन्यांच्या हातून फिरून परत आला होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. शोधाला पैसा देणाऱ्यानं त्या शोधाचं पुढे काय होणार, याचीही तरतूद केली पाहिजे, हा यातला धडा आहे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ ही संस्था आहे. तिथं या विकारांच्या निदानाचं आणि संशोधनाचं काम चालतं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात स्किडचा समावेश आहे. ठरावीक केंद्रांमध्ये उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची सोय २०२२ मध्ये झाली. केईएम हे त्यांतलंच एक केंद्र. हे सगळं चांगलंच आहे. पण ही मदत एकेका बाळापुरती आहे. आपणही एखाद्या बाळाचा फोटो पेपरात पाहून पैसे पाठवतो, आणि पाठवावेतच. पण त्याच पैशातला थोडा भाग दरवर्षी, न चुकता, निदान आणि औषध घडवण्याच्या कामाला मिळाला, तर पुढच्या बाळासाठी झोळी पसरावी लागणार नाही.

शेवटी एक सांगतो, त्याला पैसा लागत नाही. घरात आधीची मुलं तान्हेपणी वारंवार आजारी पडून गेली असतील, तर नवं बाळ जन्मताच, बीसीजी देण्यापूर्वी, डॉक्टरांना ते सांगा. बीसीजीमध्ये जिवंत जंतू असतात. निरोगी बाळाला ते अपाय करत नाहीत आणि त्यानं लस घेतलीच पाहिजे, पण स्किडच्या बाळाला त्यांपासून धोका असतो. आणि डॉक्टरमित्रांना माझी विनंती आहे, आजी जे सांगेल ते केसपेपरवर लिहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)