कॉलेज बघायला जाताय? ऑप्शन फॉर्म भरण्याआधी हे बघून या

जुलै उजाडला की कोल्हापुरात दोन गोष्टींची चर्चा असते. पंचगंगेची पातळी किती आणि पोराला कुठलं कॉलेज मिळणार. याच दिवसांत इंजिनिअरिंग कॉलेजांचे मार्गदर्शन मेळावे आणि कॅम्पस भेटी जोरात असतात. सभागृहात स्वागत, प्रोजेक्टरवर कंपन्यांचे लोगो, चहा-बिस्कीट, हातात चकचकीत माहितीपुस्तक. तासाभरात पालक खूश होऊन बाहेर पडतात. आणि घरी येऊन ऑप्शन फॉर्म शेजारच्याचं बघून भरतात.

आधी हा फॉर्म किती महत्त्वाचा झालाय ते बघू. राज्याच्या सीईटी सेलनं 2025-26 पासून इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप फेऱ्या चार केल्या आणि ऑटो फ्रीजचा नियम कडक केला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काहीही लागलं तरी तेच. नाही घेतलं तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे 'टाकून ठेवू, बघू नंतर' म्हणत वर लिहिलेलं नाव गळ्यात पडू शकतं. नियम दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचायलाच हवी. पण वरची सहा नावं तरी स्वतः बघून ठरवलेली असावीत, एवढं यातून नक्की निघतं.

कोल्हापूरकरांना पर्यायही भरपूर आहेत. गोकुळ शिरगावचं केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील, इचलकरंजीचं डीकेटीई, वारणानगरचं तात्यासाहेब कोरे, शेजारी सांगलीचं वालचंद. यातली बरीचशी एका दिवसात दोन या हिशेबानं बघून होतात.

मेळाव्याला जायला हरकत नाही. पण तो दिवस सजवलेला असतो. खरं कॉलेज दिसतं साध्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. वरच्या वर्गांचे तास चालू असतील तर उत्तमच. ज्या शाखेला प्रवेश हवाय तिच्या लॅबमध्ये डोकावावं. मशीनवर धूळ आहे की ग्रीसचा हात लागलेला आहे, हे बारावीच्या पोरालाही कळतं. एका कॉम्प्युटरवर किती जण बसलेत ते मोजावं. लायब्ररी किती वाजता बंद होते ते विचारावं.

सगळ्यात खरी माहिती मिळते गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोरांना 'कॉलेज कसं आहे?' असं विचारलं तर 'भारी आहे' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारावं. मागच्या सेमिस्टरला कुठला विषय कुणी शिकवलाच नाही, असं झालं का? मध्येच किती शिक्षक सोडून गेले? निकाल वेळेवर लागतो का? कॅम्पसला आलेल्या कंपन्यांत तुमच्या शाखेला कितींनी बसू दिलं? पोरं मोकळेपणानं बोलतात, फक्त वडील दोन पावलं मागं राहिले पाहिजेत.

आता प्लेसमेंट. पोस्टरवर असतं ते 'हायेस्ट पॅकेज', म्हणजे एकाच मुलाचा पगार. सरासरीही फसवते. समजा, दहा जणांपैकी नऊ जणांना 3 लाख आणि एकाला 30 लाख मिळाले, तर सरासरी येते 5.7 लाख. पण पगार चढत्या क्रमानं लावून मधला आकडा घेतला, तर तो 3 लाखच. याला मध्यक म्हणतात. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि मध्यक पगार किती, हे द्यावं लागतं. तो तक्ता मोबाईलवर उघडूनच प्लेसमेंट ऑफिसात जावं. त्यात बहुतेक वेळा पूर्ण कॉलेजचा आकडा असतो, म्हणून शाखेचा वेगळा मागावा. 'नॅक'ची श्रेणी पूर्ण कॉलेजला मिळते, 'एनबीए' मानांकन मात्र शाखेला. कॉलेजच्या गेटवर एनबीएचा बोर्ड असला तरी आपली शाखा त्यात आहे का, हे विचारावंच लागतं.

फीचा प्रश्न लाजून विचारायचा नाही. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर असते. होस्टेल, मेस, बस हे वेगळं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. त्यामुळे 'कॅपचं कशाला थांबताय, आत्ताच सीट घ्या' असं कुणी म्हणालं की आधी हा हिशेब करावा. माफीनंतरही किती भरायचं उरतं, ते लेखी मागावं.

शाहू महाराजांनी 1901 पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, त्यामुळे बाहेरगावच्या पोरांची सोय बघणं या शहराला नवं नाही. तरी चंदगड-आजऱ्याहून येणाऱ्यांनी होस्टेलची खोली आतून बघावी, मेसमध्ये पैसे देऊन एकदा जेवावं. रोज ये-जा करणाऱ्यांनी गाडीनं न जाता एकदा केएमटीनं किंवा एसटीनं जाऊन घड्याळ लावावं. पावसाळ्याचंही बघावं. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. शहरातून इचलकरंजी किंवा वारणानगरला रोज जाणाऱ्याला पंचगंगा ओलांडावीच लागते.

शेवटचं, पण महत्त्वाचं. कागदपत्रं तपासायला किंवा भेटीला गेल्यावर 'फॉर्म आम्हीच भरून देतो' अशी मदत पुढे येऊ शकते. मदत घ्यावी, पण कॅपच्या लॉगिनचा पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नये. क्रम घरी बसून लावावा, कन्फर्म करण्याआधी वरची सहा नावं मोठ्यानं वाचावीत आणि फॉर्मची प्रिंट काढून ठेवावी.