तांबे, आनुवंशिकता आणि दुधाचे पातेले

एकच खनिज सर्व प्राण्यांना सारखे मानवत नाही. वराहांच्या खाद्यात वाढीसाठी तांब्याचे क्षार मिसळतात. तेवढ्याच प्रमाणात ते मेंढीला विषासमान ठरतात. माणसामाणसांतही असा जन्मजात भेद आढळतो. विल्सन रोगात तेराव्या गुणसूत्रावरील एटीपी७बी जनुकाच्या दोषामुळे तांबे पित्तावाटे बाहेर पडत नाही व यकृतात साचते.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना अधिक विचार करावयास लावणारा आजार म्हणजे इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. सुमारे सहा महिने ते पाच वर्षे वयाची बालके यात दगावत. एकाच घरातील भावंडे बळी पडत, म्हणून दोष रक्तातच आहे अशी समजूत होती. डॉ. टॅनर आणि पुण्याचे डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मधून वेगळ्या कारणाकडे लक्ष वेधले. तान्ह्या बाळाला लवकर सुरू केलेले वरचे दूध बिनकल्हईच्या पितळी भांड्यात तापवले जाई. दुधातील केसीन तांबे धरून ठेवते. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. या बालकांत ते अनेकदा ८०० हून अधिक आढळे.

मग त्याच भांड्यातील दूध पिणारी इतर मुले निरोगी कशी राहिली? ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराची १३८ बालके नोंदली गेली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुटुंबांच्या वंशावळी तपासता अप्रभावी आनुवंशिकतेचा नमुना दिसला. तेथेही भांडी बदलल्यावर आजार नाहीसा झाला.

व्यवसायबंधूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विल्सन रोगात रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन बहुधा घटते, या आजारात मात्र ते प्राकृत किंवा वाढलेलेही असू शकते. केवळ रक्ताच्या अहवालावर विसंबून राहू नये.

आज तांब्या-पितळेच्या भांड्यांची आवड पुन्हा वाढत आहे. पीपलरावांसारख्या गावात घरचे दूध मुबलक. ते कौतुकाने पितळेत तापवले जाण्याचा संभव आहे. म्हणून यकृत वाढलेले बालक समोर आले की मी आईला दूध कोणते, कधीपासून आणि कोणत्या भांड्यातले, हे तिन्ही प्रश्न विचारतो. बाळाची आनुवंशिकता आपल्या हाती नाही. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान आणि नंतर स्टीलचे पातेले, एवढा सल्ला मात्र प्रत्येक दवाखान्यातून देता येतो.