मुळा-प्रवराची वीज सोसायटी : उजेड आला कसा आणि सोसायटी गेली कशी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आष्टी तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. ज्वारी पोटऱ्यात आलेली, विहिरीला पाणी बरे, पण डीपी जळून नववा दिवस उजाडलेला. पिकाने माना टाकल्या होत्या. अकरा घरांची माणसे लिंबाखाली बसली होती. एका तरुणाने सूचना मांडली, की सगळ्यांनी मिळून एक गट करू, महिन्याला थोडी वर्गणी काढू आणि डीपीची राखण आपणच करू. तोच ओसरीवरून एक आजीबाई म्हणाल्या, "सायेब, माझी धाकली बहीण श्रीरामपूरकडं दिली होती. तिकडं लोकांची सवताची लाईटची सोसायटी होती. एवढी मोठी, तरी ती बी गेलीच ना? मग आमची अकरा घरं काय तग धरणार?"

प्रश्न रास्त होता. उडवाउडवीचे उत्तर द्यावेसे वाटले नाही. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, त्या सोसायटीची हकीकत आज सविस्तर सांगतो.

शेतकऱ्यांची स्वतःची वीज

कल्पना मूळची अमेरिकेतली. 1930 नंतरच्या काळात तिथल्या शहरांत लखलखाट होता; पण दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज पोचली होती. खासगी कंपन्या म्हणत, घरे विरळ, तारेचा खर्च फार, आम्हाला परवडत नाही. शेतकऱ्याची बायको दिव्याची काच पुसत आणि आडातून पाणी शेंदत दिवस काढी. 1935 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळे खाते काढले. 1936 मध्ये त्याचा कायदा झाला. सरकारने कमी व्याजाने कर्ज द्यायचे आणि शेतकऱ्यांनी सोसायटी करून तारा ओढायच्या, अशी ही व्यवस्था. बहुतेक ठिकाणी सभासद वर्गणी पाच डॉलर असे. वीस वर्षांच्या आत तिथल्या दहांतल्या नऊ शेतांवर वीज गेली. त्या सोसायट्या आजही चालू आहेत.

आपल्याकडे 1969 मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन केला. अमेरिकन सोसायट्यांच्या संघाचे जाणकार सल्ल्याला होते. प्रयोग म्हणून देशात पाच ठिकाणे निवडली : गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातले हुक्केरी, त्या वेळच्या आंध्रात सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौजवळचा भाग आणि महाराष्ट्रात आपल्या शेजारचा नगर जिल्हा. तिथल्या मुळा आणि प्रवरा या दोन नद्यांच्या नावावरून संस्थेचे नाव पडले, मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटी. कचेरी श्रीरामपूरला.

नगरच का?

जमीन आधीच नांगरून ठेवलेली होती, म्हणून. प्रवरेवर भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरे झाले होते. कालव्याखाली ऊस होता. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि 1950 च्या सुमारास त्याचे धुराडे पेटले. शेअर म्हणजे काय, सर्वसाधारण सभा म्हणजे काय, हे तिथल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नव्हते. कालव्याबरोबर विहिरींनाही पाणी होते, आणि त्या पाण्याला मोटार हवी होती.

1971 मध्ये सोसायटीचे काम सुरू झाले. तिच्या कक्षेत श्रीरामपूर, राहुरी, राहाता या भागातली आणि संगमनेर-नेवाशाकडची मिळून 183 गावे होती. सोसायटी वीज तयार करीत नसे. ती वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना किरकोळ द्यायची. खांब, तारा, डीपी, वायरमन, बिल, वसुली हे सगळे सोसायटीचे. पुढच्याच वर्षी, 1972 मध्ये, मोठा दुष्काळ पडला. पाण्याची आणि मोटारीची किंमत त्या साली साऱ्या महाराष्ट्राला कळली.

योगायोग असा, की 1971 मध्येच आपल्या परळीला औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. म्हणजे एकाच साली बीड जिल्ह्यात वीज तयार होऊ लागली आणि शेजारच्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या मालकीची वीज सोसायटी वीज वाटू लागली. आपल्याकडे धुराडे आले, त्यांच्याकडे सोसायटी आली.

गळती कुठे लागली?

सोसायटी चाळीस वर्षे चालली. हे थोडे नव्हे. पण 31 जानेवारी 2011 रोजी तिचा वीज वाटपाचा परवाना संपला. वीज नियामक आयोगाने त्या गावांचे काम महावितरणकडे दिले. तोवर घाऊक विजेची थकबाकी महावितरणच्या हिशेबाने दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली होती. त्या रकमेवरून वाद झाला, प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. कोणाचे किती चुकले, हे ठरवणे माझे काम नाही. पण धंद्याचा हिशेब आपल्यालाही समजण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट, गिऱ्हाईक. मुंबई-पुण्याला कारखाने आणि दुकाने जादा दराने वीज घेतात, त्यातून शेतीच्या स्वस्त विजेचा भार काही अंशी उचलला जातो. सोसायटीकडे मोठा वाटा शेतीपंपांचा. घेताना घाऊक दर, देताना शेतीचा सवलतीचा दर. मधली दरी सरकारच्या अनुदानाने वेळेवर भरली नाही, तर ती थकबाकीत जाते. दूध संघाने चढ्या भावाने दूध घेऊन उतरत्या भावाने विकावे, तसे हे.

दुसरी गोष्ट, मीटर. 1970 नंतरच्या दशकात राज्यात शेतीपंपांना अश्वशक्तीवर बिल देण्याची पद्धत आली. पाच एचपीची मोटार तासाला साधारण चार युनिट घेते. ती दिवसाला दोन तास चालो की सोळा तास, बिल तेवढेच. मग मोटार बंद कोण करणार? आणि मीटरच नसेल, तर डीपीवरून गेलेली वीज सभासदाने वापरली, तारेत जिरली की आकडा टाकून कोणी नेली, हे कळावे कसे? समजा, सोसायटीने 100 युनिट विकत घेतले आणि बिल 65 युनिटचेच झाले, तर उरलेल्या 35 युनिटचे पैसे द्यायचे कोणी?

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. थकबाकीदाराची वीज तोडायची असते. पण सोसायटीत थकबाकीदार हाच मालक, तोच मतदार आणि तोच भावकीतला. खांबावर चढणारा वायरमनही त्याच गावचा. सरकारी कचेरीत नाही म्हणणे सोपे. सोयऱ्याला नाही म्हणणे अवघड. सहकाराची ताकद आपलेपणात आहे, आणि त्याची दुखरी नसही तीच आहे.

सगळ्याच बुडाल्या काय?

नाही. आजीबाईंना मी हेच सांगितले. त्या पाचांपैकी हुक्केरी आणि सिरसिल्ला इथल्या सोसायट्या आजही वीज वाटपाचे काम करतात. हुक्केरी तर आपल्या सीमेलगतच आहे. मार्ग एकच होता. काहींचा निभाव लागला, काहींचा नाही. म्हणून "सहकार बुडतोच" हे खरे नाही. हिशेब सुटला की सहकार बुडतो, हे मात्र खरे.

आपल्या डीपीपुरते काय?

मग आम्ही त्या वस्तीचाच हिशेब मांडला. डीपी 63 केव्हीएचा. त्यावर पाच एचपीच्या दहा-अकरा मोटारी नीट चालतात. कागदावर जोडण्या अकराच होत्या. प्रत्यक्ष मोजल्या तर मोटारी सतरा, त्यातल्या चार साडेसात एचपीच्या. बहुतेकांचे कपॅसिटर काढून टाकलेले. घरोघर ऑटो स्विच. लाईट आली की सतरा मोटारी एका दमात उठायच्या. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी जळेल नाही तर काय होईल? लिंबाखाली बराच वेळ कोणी बोलले नाही. कारण दोष बाहेर शोधायला आलेली माणसे आपलीच मोजदाद करून बसली होती.

2024 पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षांसाठी बिल माफ झाले आहे. माफी बिलाला आहे, डीपीला नाही. जादा भार पडला की फुकटच्या विजेनेही वाइंडिंग तेवढेच जळते. म्हणून ज्या डीपीवर पाच-दहा घरे आहेत, त्यांनी एवढे करावे :

1. डीपीवर प्रत्यक्ष किती मोटारी आणि किती एचपी आहेत, ते एका वहीत लिहावे. चोरून जोडलेलीही लिहावी. भार जादा असेल तर सर्वांच्या सहीने वाढीव डीपीचा अर्ज करावा.
2. प्रत्येक मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा. तारेतला करंट कमी होतो, व्होल्टेज सुधारते.
3. ऑटो स्विच काढावेत. दोन पाळ्या ठरवाव्यात. एका पाळीच्या मोटारी चालू असताना दुसरीच्या बंद.
4. डीपीचा फ्यूज स्वतः बांधू नये. जाड तार घालून फ्यूज "पक्का" केला की फ्यूजऐवजी डीपी जळतो, आणि हात लावणाऱ्याचा जीवही जातो. ते काम वायरमनचेच.
5. वर्गणीची वही दर महिन्याला सर्वांसमोर वाचावी. वही ठेवणारा दरसाल बदलावा.

पाचव्या कलमावर मात्र चर्चा अडली. वही कोणाकडे द्यायची? भावकीत दोन तट होते. शेवटी सर्वांनी त्या आजीबाईंच्या सुनेचे नाव घेतले. तिचे शिक्षण बारावीपर्यंत झालेले, आणि बचत गटाचा हिशेब ती सहा वर्षे चोख ठेवत होती. आजीबाई म्हणाल्या, "वही तिच्याकडं द्या, पर पहिली मोटार आमच्या घरची लिवा. आमच्या दोन हायती, एकच दाखवलीय."

वहीच्या पहिल्या ओळीत तेच लिहिले गेले.