शंकरपट आणि आसूड

७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बंद केलेले शंकरपट १६ डिसेंबर २०२१ रोजीं त्याच न्यायालयाच्या अंतरिम परवानगीनें पुन्हा सुरू झाले, आणि १८ मे २०२३ च्या निकालानें महाराष्ट्राचा २०१७ चा दुरुस्ती-कायदा कायम झाला. बुलढाणा जिल्ह्यांतील कास्तकारांस याचा आनंद व्हावा हें साहजिकच आहे. परंतु ही मोकळीक सशर्त आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, धांव एक हजार मीटरांहून अधिक नको, काठी, चाबूक, पराणी वर्ज्य; बैलांस क्लेश दिल्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. इतका स्पष्ट कायदा धुरकऱ्याच्या हातापर्यंत पोहोंचवावयाचा कोणीं? आमचें उत्तर असें कीं, पोलिसांच्या आधीं पंचांनीं. ज्या जोडीवर आसूड पडला, ती कितीहि पुढें असो, जागच्या जागीं बाद ठरवावी. आणि बक्षिसाची रक्कम देणाऱ्या व्यापारी बंधूंनीं हीच अट आयोजकांकडून आधीं लिहून घ्यावी. लांबच्या कैदेपेक्षां हातचें बक्षीस हुकण्याचें भय अधिक लवकर समजतें. पोळ्यास ज्याची पूजा करावयाची, त्यालाच पटांत रक्तबंबाळ करावयाचें, हा कोठला न्याय? उद्यां हा वाद पुनः न्यायालयांत गेलाच, तर आसुडाचे वळ हाच पटाविरुद्ध सर्वांत बळकट पुरावा ठरेल.