शब्दांची पत

लंडनचे कवी पीट सिनफिल्ड यांनी ‘किंग क्रिम्सन’ या बँडच्या १९६९ ते १९७१ मधील चार ध्वनिमुद्रिकांची गीते लिहिली; गायले मात्र इतर. सहसंस्थापक रॉबर्ट फ्रिप यांच्याशी मतभेद होऊन ही भागीदारी संपली. १९७३ मध्ये ‘स्टिल’ या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत त्यांनी स्वतःचा मृदू स्वर योजला. ‘स्टिल’ म्हणजे ‘निश्चल’ आणि ‘तरीही’ सुद्धा. साथीला ग्रेग लेक, मेल कॉलिन्स हे जुने सहकारी आवर्जून आले. मोठे यश लाभले नाही. पुढे इतर गायकांसाठी लिहिलेली त्यांची गीते ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचली. स्वतःची दुसरी ध्वनिमुद्रिका मात्र २०२४ मधील निधनापर्यंत निघाली नाही. भागीदारी मोडल्यावरही जुने सोबती मदतीस येतात, तेव्हाच माणसाची खरी पत कळते. ‘स्टिल’ची जमेची बाजू हीच.