फिर्याद नसलेली चोरी

घनसावंगी तालुक्यात भटकायला डोंगर कुठे आहेत, असा प्रश्न आमच्या गटात निघायच्या आधीच निघाला होता. प्रश्न रास्त होता. मुलूख सपाट, काळ्या मातीचा, दक्षिणेला गोदावरी. म्हणून आम्ही गडाचा नाद सोडला. सकाळ एका गावात घालवायची आणि दुपारी नदीत उतरायचे ठरवले.

ते गाव म्हणजे जांब समर्थ. नारायण सूर्याजीपंत ठोसर, अर्थात समर्थ रामदास, यांचा जन्म शके १५३० मध्ये (इ. स. १६०८) इथला. इथल्या मंदिरातल्या पुरातन मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या, तेव्हा राज्यभर हळहळ व्यक्त झाली. पुढे दोन-अडीच महिन्यांत पोलिसांनी चोरीचा छडा लावला. मूर्ती रोजच्या पूजेतल्या. त्यामुळे काय गेले ते गावाला लगेच सांगता आले आणि सापडले ते ओळखताही आले.

दुपारी गोदापात्रात वाळूउपशाचे खड्डे पाहिले. त्यांच्या कडेला दगडगोट्यांचा, चुनखडीने घट्ट झालेला जुना थर उघडा पडला होता. गोदेचे असे थर मोलाचे असतात. इथून वरच्या अंगाला, पैठणजवळच्या मुंगी येथे, १८६५ च्या सुमारास भूवैज्ञानिक विन यांना अशाच थरात अकीकाचा छिलका मिळाला. तो माणसाने घडवलेला होता. भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासातला हा अगदी आरंभीचा पुरावा. अकीक मूळचा बेसाल्टच्या पोकळ्यांतला. खडक झिजला की तो सुटून नदीत येतो, आणि आदिमानवाला धारदार हत्यारासाठी तो हाताशीच मिळे.

अशा हत्यारावर तारीख कोरलेली नसते. त्याचे वय ठरते ते कोणत्या थरात, कशाच्या सोबतीने सापडले यावरून. थर खणून ट्रकमध्ये भरला गेला, तर छिलका पुढे कुठे सापडलाच तरी तो नुसता दगड. मूर्ती परत आणून गाभाऱ्यात बसवता येते. थर परत बसवता येत नाही. शिवाय त्यात काय होते हेच कुणाला माहीत नसल्याने फिर्याद तरी कोण देणार?

म्हणून आम्ही एक नियम केला आहे. काही दिसले तर शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचे, जागा आणि थराची खोली वहीत टिपायची आणि दगड होता तिथेच ठेवायचा. त्या दिवशी हत्यार एकही दिसले नाही. उघड्या पडलेल्या तीन कडांची नोंद मात्र झाली.